बसून मारलेला स्मॅश

बाभुळगावच्या स्टँडवर बाबांनी मला पाठीवर घेऊन मोटारीत बसवलं, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आम्ही बौद्ध झालो त्याला दोन वर्षं झाली होती, आणि मी काहीतरी शिकावं हा बाबांचा ध्यास होता. लहानपणीच्या तापात माझे दोन्ही पाय लुळे पडलेले. नागपूरला अपंगांच्या संस्थेत शिवणकाम शिकायचं ठरलं होतं. माय खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "तिथं जमिनीवर घसरत फिरू नको वं. लोकं हसतात."

घरी मी तशीच फिरायची. तळहात टेकून, बुडावर घसरत, चुलीपासून अंगणापर्यंत. चपळ होते मी! पण पाहुणा आला की माय मला कोपऱ्यात बसवायची.

नागपुरात कुबड्या मिळाल्या. त्यांची मला भीतीच वाटे. मग व्यायाम शिकवणाऱ्या कुमुदताई हॉलंडहून शिकून आल्या आणि त्यांनी संस्थेच्या हॉलमध्ये इतकी खाली जाळी बांधली, की आम्ही सगळ्या हसलो. म्हणाल्या, "हा बसून खेळायचा व्हॉलीबॉल. चेंडूला हात लागताना बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे. उचललं की फाऊल."

चेंडू आला. बाकीच्या जागच्या जागी कलंडल्या. मी घसरत गेले आणि उचलला. पुन्हा आला, पुन्हा उचलला.

"अगं, हे शिकलीस कुठं?" कुमुदताई ओरडल्या.

"घरी, बाई."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. शिवणाच्या मशीनवर बसले तरी हात सर्व्हिसचा अंदाज घेत. पुसदची सुशीला चेंडू वर चढवायची, मी मारायची. शेजारच्या दवाखान्यातल्या अपंग पुरुषांशी पहिले तीन सामने आम्ही सपाटून हरलो. चौथ्याच्या दिवशी बाबा आले, मला घरी न्यायला. "मशीन घेतली घरी," ते म्हणाले. "आता इथं राहून काय करशील? चाल."

मी म्हटलं, "बाबा, एवढा एक सामना पाहा, मग सांगा." हा शेवटचा असणार, हे मी धरूनच बसले होते.

तिसरा आणि शेवटचा सेट, चौदा-तेरा, सर्व्हिस आमची; एक गुण हवा होता. त्यांनी परतवलेला चेंडू थेट मागच्या भिंतीकडे निघाला. मी दोन्ही हातांनी जमीन ढकलली. दाराशी पिशवी घेऊन उभे असलेले बाबा एकदम ओरडले, "घसर पोरी, घसर!" कशीबशी बोटं लागली. चेंडू उंच उडाला, मी उलटी फिरून जाळीकडे धावले. हो, धावलेच! सुशीलानं चढवला आणि मी असा हाणला, की समोरच्या तिघांनी नुसती मान वळवली.

जिंकलो! बाबा माझ्याजवळ जमिनीवरच बसले. म्हणाले, "मशीन तुई माय शिकन. तू राह्य."

मी राहिले. मुंबई, पुणे, जबलपूर, कुठं कुठं खेळलो. पुढं त्याच हॉलमध्ये मुलींना शिकवायची नोकरी लागली. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मी जबलपूरला सामना खेळत होते. ती अजून ते बोलून दाखवते. गाव सोडलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकाकडे असा एक चुकलेला दिवस असेलच. आता माझ्या बोलण्यात 'ब्लॉक' नि 'सेट' येतात, गावच्या बायका हसतात. पण बाभुळगावला गेले, की मोटारीतून उतरल्यावर कुबड्या दाराशी टेकवते आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीतून घसरत थेट चुलीपाशी जाते. माय हातातली भाकर थापता थापता म्हणते, "सरक तिकडं, तवा तापला हाये." बाकी कुणी मान वळवून पाहतही नाही.

मी जमिनीवर असताना कुणी वळून पाहत नाही, ते माझं घर. अशी दोन आहेत मला, एक बाभुळगावात, एक त्या हॉलमध्ये.