बीपीची गोळी

विनायकदादा गेल्याचं मला परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून कळलं. शनिवारची दुपार होती. टॅला या उपनगरातल्या माझ्या घरी मी कणीक मळत होते आणि ओट्यावरच्या फोनवर एकामागून एक जोडलेले हात येऊ लागले. पिठाच्या बोटानं मी वर सरकवत गेले. पहिला मेसेज होता, ‘आपले मलिंगारचे विनायक देशकर काल अचानक गेले.’ दुकानात रांगेत उभा असताना कोसळला. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला कधीपासून फुगवटा होता, तो फुटला. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. मी तशीच उभी राहिले, परातीत हात ठेवून... तेवढ्यात ओळखीतल्या एकीचा वेगळा मेसेज आला. ‘तो डिप्रेशनच्या गोळ्या घ्यायचा ना गं? त्यातूनच काही...’ आणि पुढे नुसती टिंबं. डॉक्टरांनी गोळीचा काही संबंध नसल्याचं स्पष्ट सांगितलं होतं, पण ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच लिहिलं, ‘माहीत नाही गं.’ माझी स्वतःची गोळी तेव्हा माझ्या डोक्यावरच्या कपाटात, साबुदाण्याच्या डब्यामागे होती.

दादा नागपूरचा. क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. राहायला मात्र तिथून तासभर लांबच्या मलिंगारला, कारण तिथे शांत होतं आणि घरापासून चालत कालवा गाठता यायचा. लग्न केलं नव्हतं. मंडळात तो फक्त गणपतीच्या जेवणाला यायचा, कोपऱ्यातली खुर्ची धरायचा, आणि लाउडस्पीकर सुरू झाला की कानावर मोठे हेडफोन चढवून जेवत राहायचा. लोक त्याला ‘जरा वेगळा’ म्हणायचे. अशाच एका जेवणात, मसालेभात वाढून झाल्यावर, त्यानं खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढून ताटाशेजारी ठेवली. समोरच्या काकांनी हसत विचारलं, “काय, ॲसिडिटी का?” तो म्हणाला, “नाही, नैराश्याची आहे. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं.” टेबल एकदम गप्प झालं. मग कुणीतरी घाईघाईनं मठ्ठा वाढायला घेतला, कुणी हवेचा विषय काढला. दादाला ती शांतता कळलीच नाही, निदान मला तसं वाटलं. मान खाली गेली ती माझी. कारण त्याच महिन्यात मला तशीच गोळी सुरू झाली होती, आणि नवऱ्याखेरीज कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

मी ऑटिस्टिक आहे आणि नैराश्यावर औषध घेते, हे वाक्य आज मी पहिल्यांदा मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत ते मला जमतं. ऑफिसात मॅनेजरला सांगितलं, तिनं ‘फेअर प्ले टू यू’, म्हणजे शाब्बास, म्हणून खांद्यावर थोपटलं आणि विषय संपला. मराठीत लिहायला घेतलं की आईचा चेहरा समोर येतो. ‘तुला कशाची कमी आहे?’ हे तिचं वाक्य ऐकू येतं, तिनं अजून उच्चारलेलं नसतानाही. पस्तिशीत माझं ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. शाळेत एकटी बसणारी, लग्नकार्यात बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेणारी मी, इतकी वर्षं बाकीच्या बायकांकडे बघून हसणं-बोलणं पाठ करत आले होते. त्या पाठांतराचा थकवा साचत साचत एके दिवशी अंथरुणातून उठणंच थांबलं. निदानानं सुटल्यासारखं वाटलं. गोळीनं मात्र तसं वाटलं नाही. गोळी म्हणजे हरल्याची पावती, असं माझ्या मनानं धरून ठेवलं होतं.

घराखालच्या फार्मसीत काउंटरवर सोलापूरची एक मुलगी होती. म्हणून मी गाडी काढून क्लोनडॉकिनला जायचे. दादाचं ऑफिस तिथेच आहे, हे माझ्या लक्षातही नव्हतं. एका संध्याकाळी काउंटरवरच्या माणसानं माझं नाव पुकारलं, औषधाचं नाव उच्चारून पिशवी पुढे केली, आणि मागून मराठीत दादाचा आवाज आला, “अरे, तू पण हीच घेतेस?”

रांगेत कुणाला मराठी येत असण्याची शक्यता नव्हती. तरीही माझे कान तापले. मी म्हणाले, “आईची आहे.”

“पण आई पुण्यात असते ना तुझी? आणि नाव तर तुझं घेतलं त्यानं.” त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. त्यात टोमणा नव्हता, चौकशीही नव्हती. दोन गोष्टी जुळत नव्हत्या, एवढंच. मी बाहेर आले आणि गाडीला टेकून रडले. तोही त्याचं औषध घेऊन आला, हातभर अंतरावर थांबला, जवळ आला नाही, ‘रडू नकोस’ म्हणाला नाही. गाड्यांकडे बघत उभा राहिला. माझं आटोपल्यावर म्हणाला, “मी ऑटिस्टिक आहे. तू आहेस का?” मी हो म्हणाले. “मग डोस कितीवर सुरू केला? मला पहिल्यांदा फार जास्त दिला होता.” कुणी हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलत होता, आणि मी कुणी ऐकत नाही ना, हे वळून वळून बघत होते.

त्यानंतर महिन्यातून एखाद्या शनिवारी मी मलिंगारला जायला लागले. आम्ही कालव्याच्या काठानं चालायचो. कालव्यात बोटी वरखाली नेण्यासाठी पाणी अडवणारे दरवाजे असतात, लॉक-गेट म्हणतात त्यांना. त्या प्रत्येक दरवाज्याची दादाला माहिती होती : लाकूड कुठलं, कधी बदललं, कुठल्या फटीतून पाणी झिरपतं. तो न थांबता बोलायचा आणि मी ऐकायचे. दुसरं काही करावं लागत नसल्यानं माझा जीव शांत व्हायचा. त्याचा आजार मला याच वाटेवर तुकड्या-तुकड्यांनी कळला.

“डॉक्टरनं विचारलं, हाऊ आर यू,” तो एकदा सांगत होता. “मी म्हटलं, ग्रँड. इथे कसेही असलो तरी ग्रँड, म्हणजे मजेत, असंच म्हणायचं असतं, हे मी आल्याच्या आठवड्यात शिकलो होतो. मी आठवडाभर जेवलो नव्हतो. पण त्यानं तो प्रश्न कुठे विचारला?”

मी हसले. तो हसला नाही. पुढे त्या डॉक्टरनं औषध दिलं, पण एरवी सगळ्यांना देतात तेवढं एकदम. दादाच्या अंगात अशी तगमग सुरू झाली की त्याला खुर्चीत बसवेना, शर्टाची शिवण चावू लागली, फ्रिजची घरघर दातांत शिरल्यासारखी वाटू लागली. त्यानं जाऊन सांगितलं की कपडे टोचतात. डॉक्टरला त्यात औषधाचा संबंध दिसला नाही, त्यानं डोस वाढवला. मग तगमग गेली आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. “मी इथे येऊन उभा राहिलो,” एका दरवाज्याच्या कठड्यावर हात ठेवून तो म्हणाला, “आणि मला काहीच वाटलं नाही. पाणी होतं. लाकूड होतं. बस्स. तेव्हा मी घाबरलो.” पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी पातळ औषधाच्या अगदी थेंबांपासून सुरुवात केली, सावकाश वाढवत नेलं, आणि कसं वाटतं हे विचारण्याऐवजी विचारलं, “कालव्यावर जातोस का?” तो परत जायला लागला, तेव्हा डोस तिथेच ठेवला.

त्यानंच मला शिकवलं की डॉक्टरकडे जाऊन ‘वाईट वाटतं’ म्हणू नकोस. “तुला ते सांगता येत नाही. मलाही येत नाही. तू रोज रात्री गोधडी शिवत बसायचीस, ते थांबलं ना? तेवढंच सांग.” मी तसंच सांगितलं आणि पहिल्यांदा समोरच्या माणसानं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी एकदा त्याला विचारलं होतं, की या गोळीनं आपण बाकीच्यांसारखे होऊ का. “नाही. मी मीच राहणार. फक्त दुःखी नसलेला मी.” मग म्हणाला, “तेवढं पुष्कळ आहे.”

मला वाटायचं, लाज ही गोष्ट त्याच्यात मुळातच नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. मी ज्या गोळीसाठी दुसऱ्या गावातली फार्मसी गाठते, ती हा मसालेभातासोबत खातो... आणि मग सुमनताई आल्या.

सुमनताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली, यांनीच त्याला वाढवलं. अंत्यविधीसाठी त्या नागपूरहून आल्या, आणि नंतर त्याचं घर आवरायला मी त्यांच्यासोबत मलिंगारला गेले. फ्रिजच्या मागे त्यानं आवाज दबावा म्हणून रजई कोंबली होती. ताईंनी ती ओढून काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली. मग स्वयंपाकघरातला खण उघडला. त्यात स्ट्रिपा होत्या.

“ही त्याची बीपीची गोळी ना गं?” त्या म्हणाल्या. “मला फोनवर सांगायचा. ताई, बीपीची घेऊन राहिलो म्हणे. एवढ्या लहान वयात बीपी, मी कितीदा म्हटलं, मीठ कमी कर.”

त्या पुढे बोलत होत्या. “मागच्या उन्हाळ्यात मी आली होती ना, तेव्हा एकदाही घेताना नाही दिसला. आणि तेव्हाच आजारी पडला बघ. चक्कर यायची. म्हणे डोक्यात करंट लागल्यासारखं होऊन राहिलं. मी लिंबूपाणी देत बसली.”

मला तो उन्हाळा आठवला. त्यानं मला मेसेज केला होता, ‘फ्लू आहे, येऊ नकोस.’ हे औषध अचानक सोडलं की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात, चक्कर येते. ते असं कधीही तोडू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावं, हे मला त्यानंच बजावून सांगितलं होतं. बहीण घरात असेपर्यंत त्यानं गोळ्या लपवल्या होत्या आणि तिच्यासमोर बसून ते झटके सोसले होते. भर पंगतीत ज्याला लाज वाटली नाही, त्याला या एका माणसाची लाज वाटली. पंगतीतल्या लोकांची मतं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. ताईंचं मत पोचत होतं. इतके शनिवार आम्ही सोबत चाललो आणि त्यानं मला हे सांगितलं नाही. कदाचित लाज न बाळगणारा म्हणून मी त्याच्याकडे ज्या कौतुकानं बघायचे, त्याच्यापुढेही त्याला लाज वाटत असेल.

“बीपीची नाहीये, ताई,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “नैराश्याची आहे. आणि मीही तीच घेते.”

त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मला का नाही सांगितलं त्यानं?” मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही होतं, कारण पुढचं वाक्य त्यांचंच होतं. “मीच म्हणायची ना... जरा माणसांत मिसळ, तुला काय धाड भरली, चांगला धडधाकट आहेस. दर फोनवर म्हणायची.” त्यांनी पदर तोंडाला लावला. मी हातभर अंतरावर उभी राहिले. जवळ जायला मला जमलं नाही, आणि ‘रडू नका’ही म्हटलं नाही. मग त्यांनी विचारलं, गोळी खाल्ली की काय होतं, आतून. मी सांगू शकेन तेवढं सांगितलं. त्या अंगणवाडीतल्या मुलीसारख्या मान हलवत ऐकत होत्या. जाताना विमानतळावर म्हणाल्या, “तू लिही कुठेतरी त्याच्याबद्दल. बीपी नको लिहू.”

लिहायला मला इतके आठवडे लागले. लाज काही गेली नाही. ती अजून क्लोनडॉकिनच्या फार्मसीपर्यंत माझ्यासोबत येते. पण ताई आता दर रविवारी फोन करतात. त्यांचा आवाज दादासारखाच, शब्द तोडून टाकणारा, आणि त्यांना हळू बोलता येत नाही. गेल्या रविवारी फोन आला तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई शेजारी उभ्या राहून पोहे परतत होत्या. माझे हात ओले होते, म्हणून फोन स्पीकरवर लावला होता, विचार न करता. “काय गं, गोळी वेळेवर घेऊन राहिली ना?” ताईंनी नागपुरातून विचारलं, अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असं. माझा हात फोनकडे गेला. बंद करता आला असता.

“घेते,” मी पुटपुटले.

“मोठ्यानं बोल, ऐकू नाही येऊन राहिलं!”

“घेते, ताई. रोज घेते.”

सासूबाईंचा उलथन्याचा हात थांबला. त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळल्या. “कसली गोळी गं?”

चेहरा तापला होता, कानही. मी हात पुसले.

“सांगते,” मी म्हणाले. “बसा जरा.”