‘डिड’च्या पुढे ‘वेंट’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला राहायचो, बमरोलीच्या रस्त्याला. दादा लूमच्या कारखान्यात, मी कॉलेजात. खानदेशातून आलेल्या आमच्या गोतावळ्यात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मी एकटी — काय मिरवलं मी ते! आजूबाजूची पोरं इंग्रजीचा गृहपाठ घेऊन यायची, मी पलंगावर बसून व्याकरण सांगायची. त्यांच्या आया दारातून कौतुकानं बघायच्या. ते बघणं मला हवं असायचं.

मग दादाचं लग्न झालं. सुनंदावहिनी अमळनेरच्या. दहावीचा फक्त इंग्रजीचा पेपर राहिलेला. तो सुटला की नर्सिंगला पाठवीन, असं दादानं कबूल केलं होतं. दुपारी भांडी आटोपली की त्या पदराला हात पुसत माझ्यासमोर बसायच्या. “ताई, एवढं बघता का?”

त्यांना पटकन उमजायचं. फारच पटकन. एका कवितेत एक म्हातारी खिडकीच उघडत नाही — का, असा प्रश्न होता. मी उत्तर जुळवत होते, तोवर वहिनी म्हणाल्या, “उघडली तर बाहेर कुणी नाही, हे पक्कं कळेल ना तिला.” मला ते सुचलं नव्हतं. सुचणारही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही?

ही नर्सिंगला गेली तर चूल कोण सांभाळणार, असं आई एकदा पुटपुटली होती. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी आईलाच पुढे केलं. पण आईनं मला काहीच करायला सांगितलं नव्हतं — केलं ते मी.

वहिनींनी लिहिलं होतं, ‘शी डिड नॉट गो’. बरोबर होतं. मी ‘गो’वर काट मारली आणि ‘वेंट’ लिहिलं.

“पण ताई, शाळेत तर…”

“गोष्ट कालची ना? मग ‘गो’ कसं चालेल?”

इतकं सोपं होतं ते. त्यांनी मान डोलावली. मी बी.ए.ची ना! त्यानंतर धड्याच्या प्रत्येक उत्तरात, जिथे ‘डिड’ आला तिथे, मी तेच करत गेले. चूक म्हणू? चूक एकदा होते.

वहिनी परीक्षेला माहेरी जाऊन आल्या. निकाल लागला — नापास. जेवताना दादानं विचारलं, एवढा अभ्यास केलास, मग झालं काय? वहिनी खाली बघून म्हणाल्या, “मी पयले बरोबरच लिखेल व्हतं. मंग ताईनं सांगेल आठवनं, आनि सगळं खोडी टाकं.”

दादा माझ्याकडे वळला. “तू असं शिकवलंस?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दादानं मारलं नसतं, घराबाहेर काढलं नसतं. मग कशाची भीती होती? — मी म्हटलं, “मी कशाला असं शिकवीन? वहिनींनीच उलटं ऐकलं असेल.”

वहिनींनी वर बघितलं. माझ्याकडेच. त्यांना कळलं — त्या क्षणी सगळं कळलं. आणि चूक स्वतःवर घेत त्या म्हणाल्या, “मनंच चुकनं व्हई.”

“बस झाल्या आता परीक्षा,” दादा म्हणाला. वहिनींनी मला भाकरी वाढली. मी खाल्ली.

त्या नर्सिंगला गेल्या नाहीत. घरी बसून साड्यांना टिकल्या लावत राहिल्या, डोळे अधू होईपर्यंत. पुस्तक घेऊन माझ्यासमोर पुन्हा कधी बसल्या नाहीत.

मी शिक्षिका झाले. इंग्रजीची. आल्यागेल्याला वहिनी आजही सांगतात, आमच्या ताईंसारखं इंग्रजी कुणाला येत नाही. मी शेजारी बसलेली असते. ऐकून घेते.