चाळिसावी फेरी

हेडली ऑर्मरॉड जन्मला तोच मुठी आवळून, असं इंग्लंडातल्या बर्नली गावचे लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. आईबाप दोघंही गिरणीत विणकर, घरात सहा पोरं. चौदाव्या वर्षी तो गॅरेजात लागला आणि बाविसाव्या वर्षी दुसऱ्यांच्या शर्यतीच्या गाड्यांखाली पाठ टेकून झोपायला लागला. गाडी श्रीमंताची, हात याचे. गाडी जिंकली की मालकाचा फोटो छापून यायचा आणि बंद पडली की मेकॅनिकने वाट लावली, हे ठरलेलं. युद्धात चार वर्षं त्याने रणगाडे दुरुस्त केले. परत आला तो ठरवूनच आला, की आता गाडी माझी, चालवणार मी आणि शिव्या द्यायच्या त्याही मीच देणार.

बंद पडलेल्या एका बेकरीत त्याने संघ थाटला. संघ कसला, एक गाडी, एक जुना ट्रक, हेडली आणि त्याची बायको विनी. गाडीचा सांगाडा त्याने स्वतः जोडला, हिरवा रंग विनीने दिला. शर्यतीत फेऱ्या मोजायचं कामही तिचंच. त्या काळी ते बायकांकडेच असे. कुणाची बायको, कुणाची बहीण, गुडघ्यांवर फळी, गळ्यात दोन घड्याळं, आणि समोरून गाडी गेली की तक्त्यावर रेघ. विनीने अकरा वर्षं गिरणीत सहा सहा माग एकटीने सांभाळले होते. शर्यत सुरू झाली की ती चहाला हात लावत नसे, शिंकसुद्धा दाबून धरत असे.

गाडी पळत होती. अडत होतं ते विदरस्टनच्या क्लबात. सप्टेंबरातली मोठी शर्यत फक्त सभासदांसाठी, आणि सभासद व्हायचं तर हाताला ग्रीस लागलेलं चालत नसे. हेडलीने तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं, ‘सध्या जागा नाही.’ जागा नाही म्हणे! आत पन्नास माणसं हॅम झोडत बसलेली, आणि हा ट्रकच्या पायरीवर पावसात गार सँडविच खातोय. दर वेळी तो ते पत्र विनीला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग घरातलं काहीतरी फोडायचा.

त्रेपन्नच्या जूनमध्ये विदरस्टनच्या जुन्या विमानतळावर चाळीस फेऱ्यांची शर्यत होती. पाहुणा म्हणून हेडलीला घेतलं होतं. पाऊस असा, की गाड्यांचे नंबर चिखलाने लिंपून गेलेले. शेवटच्या फेरीत हेडली क्लबातल्या मेजर फेनविकच्या चांगला वीस सेकंद पुढे होता. रेषेवर आला आणि बघतो तर झेंडेवाला ढिम्म उभा. झेंडा फडकला तो मागून आलेल्या मेजरसमोर. हेडलीच्या नावावर म्हणे एकोणचाळीसच फेऱ्या होत्या.

“एकोणचाळीस?” गाडीतून उतरता उतरता तो गरजला. “मोजत होते की झोपा काढत होते?”

“सत्ताविसाव्या फेरीत घोटाळा झाला,” विनी म्हणाली. तक्ता तिने कोटाखाली पोटाशी धरला होता. “तू आणि मेजर अगदी खेटून गेलात. दोन्ही गाड्या हिरव्या. आणि नेमका तेव्हाच क्लबच्या मोजणाऱ्यांच्या खोपटात चहाचा ट्रे गेला. मी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी एकच गाडी लिहिली, मेजरची. अर्ध्या तासात लेखी तक्रार द्यायची असते, हेडली. जा. हा घे तक्ता, आणि नीट बोल. कुणाला मारू नकोस.”

क्लबचा सेक्रेटरी ट्रेमेन खिडकीपाशी पाइप भरत बसला होता. बाजूला मेजर, टॉवेलने डोकं पुसत.

“बायकोने मोजलंय होय,” ट्रेमेन तक्त्याला बोट न लावता म्हणाला. “म्हणजे घरचीच मोजणी की.”

“आणि तुमची कुणाच्या घरची? चहा ढोसत मोजता, आणि वर मला शिकवता?”

“आवाज खाली, ऑर्मरॉड. बसा जरा.” हेडलीला त्या खोलीत कुणी बस म्हणण्याची ती पहिलीच वेळ. “सप्टेंबरात तुमची गाडी हवी आहे आम्हाला. सभासदत्वासाठी तुमचं नाव मी स्वतः मांडतो. मेजर अनुमोदन देतील. फक्त ही तक्रार मधे नको. बाईमाणूस, त्यात हा पाऊस, तीन तास एका जागी बसायचं. एखादी रेघ जास्त पडते. तेवढं तुम्ही तोंडाने म्हणा, की झालं.”

इथे हेडलीने टेबल उलथायला हवं होतं. आयुष्यभर क्षुल्लक गोष्टींवरून त्याने माणसांच्या गचांड्या धरल्या, आणि जिथे धरायची तिथे त्याचे हात मांडीवर गप्प पडून राहिले. सप्टेंबर त्याच्या डोळ्यांसमोर नाचत होता.

“हो,” तो म्हणाला. “बायकोचं चुकलं असेल.”

“असेल?”

“चुकलं. माझ्या बायकोची मोजणी चुकली.”

“सुटलो बुवा!” मेजर मोकळेपणाने हसला. “माझ्या बहिणीच्या तक्त्यातही तुझ्या चाळीसच भरल्या होत्या. म्हटलं, आता आली का पंचाईत!”

हेडलीच्या कानशिलाची शीर तडतडली. मूठ वळली. पण मारणार कुणाला? एकोणचाळीस तर आत्ता त्याने स्वतःच कबूल केल्या होत्या. तक्ता उचलून तो बाहेर पडला आणि पायऱ्या उतरेपर्यंत थाप जुळवली.

विनी पावसात उभी होती, खिडकीसमोर, दहा पावलांवर.

“खूप भांडलो, विनी. ऐकतच नाहीत हरामखोर. शेवटी कंटाळून म्हणाले, सभासद करून घेतो.”

ती त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती, म्हणून त्यानेही वळून पाहिलं. काचेमागे दिवा लागला होता. ट्रेमेन आणि मेजर बोलत होते. आवाज येत नव्हता, ओठ मात्र लख्ख दिसत होते.

मागांच्या धडधडाटात कान कामाचे नसतात. बर्नलीतली प्रत्येक विणकरीण ओठ वाचते. गिरणीतल्या मागखात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी आवाज न काढता सासूची उणीदुणी काढते. ट्रेमेनला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. हेडली तर आईच्या मांडीवर ते शिकला होता.

“विनी,” तो म्हणाला, “अगं, सप्टेंबरसाठी... दुसरा इलाज नव्हता.”

तिने गळ्यातली दोन्ही घड्याळं काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

“अगं, शिव्या तरी दे!” तो ओरडला. “बोल ना काहीतरी!”

विनीने त्याच्याकडे तोंड केलं. आवाज न काढता, खात्यात बोलत तशी, एकेक अक्षर ओठांनी नीट उमटवून ती म्हणाली, “चाळीस.” मग ती जाऊन ट्रकमध्ये बसली.