आठला नाश्ता, नऊला खडक

मी डोकी मोजली. अकरा. परत मोजली. अकराच. निघालो होतो बारा.

"शेखसर कुठंयत?" मी ओरडले.

सर मागेच राहिले होते. खडकांच्या पार टोकाला, डोळ्याला दुर्बीण लावून. कालवफोड्या बघत होते. काळा-पांढरा, लाल चोचीचा हा पक्षी दाखवायलाच मी लोकांना या बेटावर आणते. त्या खडकांच्या आणि आमच्या मधली घळ येताना आम्ही घोटाभर पाण्यातून ओलांडली होती. आता तिथं कमरेच्या वर पाणी होतं आणि ते चढत होतं.

घोळ माझाच. मी वारज्यातल्या एका टूर कंपनीत नेचर गाइड होते. शिक्षण सगळं मुठेच्या काठावर. मुठेला पूर येतो, भरती येत नाही. आधीची ट्रिप अष्टमीला होती. अष्टमीला तिथं दुपारी ओहोटी, म्हणून 'आठला नाश्ता, नऊला खडक' बरोबर होतं. ही ट्रिप पौर्णिमेची. पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाला, दुपारी बाराला पूर्ण भरती. तिथले कोळी तिथीवरून हे बोटांवर सांगतात. आमचा प्रोग्राम लॅमिनेट केलेला. ऑफिसात तारीख तेवढी बदलली.

आणि आदल्या संध्याकाळी सरांनी विचारलंही होतं. भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. "ताई, उद्या पौर्णिमा ना? मग नऊला भरती चढत नसेल?"

"सर, प्रोग्राम टेस्टेड आहे. तुम्ही पक्षी बघा, घड्याळ मी बघते."

सगळे हसले. तेही हसले.

आमच्या हाका ऐकून ते घाईनं निघाले आणि घळीत पाय घसरला. होडीवाल्या दामूदादांनी कमरेला दोर बांधून उडी टाकली. सरांना बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. गळ्यात दुर्बीण तशीच होती.

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "'स्वतःच्या जबाबदारीवर' त्या फॉर्मवर सही आहे ना त्यांची?"

"आहे."

"मग झालं. आणि त्यांच्या घरी जाऊ नकोस. काहीतरी बोलून बसशील."

तरी मी गेले. बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांमागे घर. त्यांच्या मिसेसनी आधी पाणी दिलं.

"आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते, भरतीचं विचारलंय म्हणून. तुम्ही काय सांगितलंत?"

'फॉर्मवर सही होती', साहेबांचं हे वाक्य जिभेवर होतं. लाज वाटली.

"प्रोग्राम टेस्टेड आहे, असं मी म्हणाले. आणि हसले."

 मग त्या म्हणाल्या, "पोरांचं चुकलं की ते पुन्हा समजावायचे. कितीही वेळा. तुमच्या वेळेला आता ते नाहीत."

नोकरी गेली. आता दुसरीकडे हेच काम करते. प्रोग्राम छापू देत नाही. बेटावर पोचले की आधी होडीवाल्याला विचारते, मग खडूनं पाटीवर लिहिते. नाश्ता कधी पहाटे पाचला, कधी थेट अकराला. आमची पुण्याची माणसं कुरकुरतात. कुरकुरू देत. परतताना बाराच्या बारा कुरकुरली पाहिजेत.