चौदा जूनचा फिल्टर

धम्मदीपा साळवे मूळची नाशिकजवळच्या ओझरची. तिचे वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. आइंडहोवन या डच शहरातल्या आमच्या कंपनीत चिप बनवायची यंत्रं तयार होतात, आणि आम्ही दोघी एकाच टीममध्ये आहोत. धुळीचा एक कण पडला तरी आठवड्याचं काम वाया जावं, अशा खोलीत ती सात वर्षं काम करते आहे. तिच्या टेबलावर पेनसुद्धा वाकडं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

अडतिसाव्या वर्षी तिने विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. क्लबाचं चार सीटचं एकच विमान, वीसेक सभासदांत मिळून. वरवरची देखभाल सभासदांनीच करायची आणि वाउटर नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने त्यावर लक्ष ठेवायचं, अशी तिथली पद्धत. देखभालीच्या टीमचा प्रमुख होता अंबरीश. पुण्याचा, क्लबात आठ वर्षं मुरलेला.

मराठी माणूस भेटला म्हणून ती खूश झाली होती. पहिल्याच दिवशी त्याने तिचं आडनाव दोनदा विचारलं आणि "अच्छा, अच्छा" म्हणाला. तिला काय ते समजलं, पण तिने तिकडे दुर्लक्ष केलं.

मार्चमध्ये इंजिनाचं ऑइल आणि फिल्टर बदलायचा होता. फिल्टर म्हणजे डब्यासारखं नळकांडं, इंजिनाच्या मागे आडवं बसवलेलं. खालून ऑइल काढून टाकलं तरी त्याच्या पोटात ते भरलेलंच राहतं. अंबरीश घाईत होता. "फिरवा, काढा, वेळ नाही," म्हणाला. तिने पाना लावून फिरवला, आणि काळं ऑइल भळाभळा इंजिनावरून, पुढच्या चाकावरून जमिनीवर आलं. तिच्या जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

चार-पाच डच सभासद तिथे उभे होते. अंबरीशने आधी फोटो काढला. मग हसत हसत, त्यांच्यापैकी कुणालाच कळणार नाही अशा स्वच्छ मराठीत तिला म्हणाला, "असू दे हो. तुम्हा लोकांना पिढ्यान्‌पिढ्या घाणीची सवय असते."

तो हसला म्हणून बाकीचेही हसले. संध्याकाळी फोटो क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि पुढच्या आठवड्यात देखभालीच्या यादीतून तिचं नाव गेलं.

त्या दिवशी दोन तास गुडघ्यांवर बसून तिने जमीन पुसली होती. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिने मला हे सगळं सांगितलं, ते वाक्य तर शब्दन्‌शब्द. मी म्हटलं, "तक्रार कर."

"काय म्हणून? ऐकलं कुणी? समजलं कुणाला?" ती म्हणाली. "तक्रार नाही करायची मला. मला त्याला सगळ्यांच्या समोर खाली बघायला लावायचंय."

त्यानंतर दर शनिवारी सकाळी, अंबरीश यायच्या आधी, ती वाउटरकडे जाऊ लागली. हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, कोपऱ्यात एक जुनं इंजिन स्टँडवर ठेवलेलं होतं. त्यावर वाउटरने तिला शिकवलं. फिल्टर काढण्याआधी खिळा आणि हातोडीने त्याच्या वरच्या अंगाला एक भोक पाडायचं. हवा आत शिरली की पोटातलं बरंचसं ऑइल आपोआप इंजिनात परत उतरतं. वीस मिनिटं थांबायचं. उरलेल्यासाठी खाली ताकाची प्लास्टिकची बाटली उभी कापून पन्हाळीसारखी धरायची. तोंडाशी फडकं धरायचं आणि मगच पाना लावायचा.

"त्याला हे माहीत होतं?" तिने वाउटरला विचारलं.

"मीच शिकवलंय त्याला," वाउटर म्हणाला.

म्हणजे तिची फजिती त्याने मुद्दाम होऊ दिली होती. त्यानंतर तिचा राग थंड आणि टणक झाला. ती रोज सराव करायची. फिल्टर सुटू नये म्हणून त्याला पीळ दिलेल्या तारेने बांधतात. ते पीळ ती घरी स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठींवर घालत बसायची. एकदा मला म्हणाली, "नवा फिल्टर अर्धा आटा ढिला ठेवला आणि पुढचं उड्डाण त्याचं असलं तर?" मी काही बोलायच्या आत तीच दचकली. मग दोन आठवडे हँगरकडे फिरकलीच नाही.

जूनमध्ये अंबरीश सुट्टीवर पुण्याला गेला. नेमकी त्याच वेळी ऑइल बदलायची पाळी आली, आणि वाउटरने काम धम्मदीपाला दिलं. एक थेंब सांडला नाही. नव्या फिल्टरवर तिने पांढऱ्या पेंटच्या पेनने तारीख घातली, चौदा जून, आणि शेजारी देवनागरी 'ध'. विमानाच्या नोंदवहीत, लॉगबुकात, सही वाउटरची झाली. अंबरीशला पत्ता लागला नाही.

नोव्हेंबरात वार्षिक तपासणीच्या आधी सगळे सभासद हँगरमध्ये जमतात. त्या बैठकीत धम्मदीपा उठली आणि डचमध्ये म्हणाली, "मार्चमध्ये माझ्या हातून जे झालं त्याचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आज फिल्टर मी बदलते. तुम्ही समोर उभे राहून पाहा." अंबरीशने खांदे उडवले.

तिचा बेत एवढाच होता. पांढराशुभ्र कुर्ता घालून आली होती. काम झाल्यावर त्याच कुर्त्यातला फोटो ग्रुपवर टाकायचा, बस.

तिने इंजिनावरचं झाकण काढलं आणि ती थबकली. मागे आडव्या बसलेल्या फिल्टरवर पांढऱ्या अक्षरांत तिचीच तारीख होती, चौदा जून, आणि शेजारी 'ध'. लॉगबुक तिने आदल्या आठवड्यात वाचलं होतं. सप्टेंबरमध्ये ऑइल आणि फिल्टर, दोन्ही बदलल्याची नोंद होती आणि खाली अंबरीशची सही. पन्नास तासांनी बदलायचा फिल्टर जवळजवळ शंभर तास तसाच उडत होता. त्या काळात लोकांनी आपली पोरं त्या विमानातून फिरवून आणली होती.

अंबरीश जवळ आला. त्यालाही ते अक्षर दिसलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघा, ऑइल बदललं होतं मी. फिल्टर तेवढा राहून गेला. पुसून टाका ते. आपण आपली माणसं आहोत."

"आपली म्हणजे कुणाची?" तिने विचारलं.

तिने कापलेली बाटली त्याच्या हातात दिली. "धरा. हलू नका."

मग तिने खिळा लावला, हातोडी मारली आणि घड्याळ बघत उभी राहिली. वीस मिनिटं लागतात. तिने तीस लावली. तेवढा वेळ अंबरीश सगळ्यांच्या समोर, वाकून, हातात बाटली धरून उभा होता आणि काही बोलू शकत नव्हता. नंतर ती मला म्हणाली, त्या अर्ध्या तासातला प्रत्येक मिनिट तिने चवीने खाल्लं.

फिल्टर निघाला. जमिनीवर थेंब नाही, कुर्त्यावर ठिपका नाही. नवा बसवला, तार पिळली. मग जुना फिल्टर पुसून, तारीख वर करून तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वाउटर, लॉगबुक आण."

वाउटरने नोंद वाचली, फिल्टर बघितला. मग डबा कापून आतला कागद उलगडला. घड्यांमध्ये काळा गाळ होता आणि त्यात धातूचे बारीक, चमकणारे कण. एका बाईने अंबरीशला एवढंच विचारलं, "ऑक्टोबरमध्ये माझ्या मुली बसल्या होत्या यात. तुला माहीत होतं?" त्याने मान खाली घातली.

विमान त्याच क्षणी उड्डाणातून काढलं. क्लबाच्या समितीने अंबरीशला वर्षभर विमानाला हात लावायला बंदी केली. बंदीचं पत्र मिळालं त्याच दिवशी त्याने राजीनामा दिला.

डिसेंबरात त्याच्या बायकोचा, मंजूषाचा, फोन आला. मराठी मंडळात दोघींची ओळख होती.

"धम्मदीपा, चूक झाली त्याच्याकडून. पण असं सगळ्यांच्या समोर करायला हवं होतं का? त्याला बाजूला घेऊन सांगायचं होतंस."

"त्याने मला बाजूला घेतलं होतं का?" तिने विचारलं आणि मार्चमधलं ते वाक्य मंजूषाला ऐकवलं.

"अंबरीश असं बोलणार नाही," मंजूषा म्हणाली.

"विचारा त्याला," म्हणून धम्मदीपाने फोन ठेवला.

वाईट नाही वाटलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. बरं वाटलं. अजून वाटतंय."

जानेवारीत इंजिन दुरुस्त होऊन आलं, आणि देखभालीची टीम आता तीच बघते. फेब्रुवारीत कळलं, की अंबरीश उत्तरेकडच्या दुसऱ्या एका क्लबात अर्ज करतोय. तिने त्या क्लबाचा नंबर शोधला, कामाच्या वेळात, माझ्या समोर. फोन लावून आपलं नाव सांगितलं, आणि त्याच्या सप्टेंबरच्या नोंदीबद्दल जे काही विचारायचं असेल ते मला विचारा, कागद माझ्याकडे आहेत, असं शांतपणे सांगितलं.

तिने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आता पुरे कर गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पुरे कधी, ते मी ठरवणार," ती म्हणाली आणि कामाला लागली.