मधल्या गावाची ओळ

तात्या जगदाळे गेल्याचा निरोप मला वर्गाच्या दारात मिळाला. मी फळ्यावर आकृती काढत होतो. ‘बरं’ म्हणालो, आकृती पुरी केली आणि तास संपेपर्यंत शिकवलं. याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, मन मोकळं करा… पण आत काही हातालाच लागत नाही.

तात्या आमच्या सांगलीच्या कॉलेजात विजेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मूळचे माण तालुक्यातले, सैन्यात जनरेटरवर नोकरी करून आलेले. चालू यंत्राजवळ जाताना डावा हात पँटच्या खिशात ठेवायचा, हा त्यांचा नियम. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो, म्हणून. नियम इतका अंगवळणी पडला होता की लग्नात अक्षता टाकतानाही डावा हात खिशातच. आम्ही यावरून त्यांची खूप थट्टा केली. ते हसून सोडून द्यायचे.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पाऱ्याचा रेक्टिफायर होता, म्हणजे एसी विजेची डीसी करणारं यंत्र. काचेचा मोठा फुगा, त्याला सहा काचेचे हात, तळाशी पारा. चालू केलं की आत निळाजांभळा उजेड थरथरत राहायचा. फार तापलं की प्रवाह मध्येच उलटा फिरायचा आणि फ्यूज उडायचा. तात्यांना ते नुसत्या आवाजावरून आधी कळायचं. “सर, लोड कमी करा. रुसायला लागलीया,” म्हणायचे. त्या यंत्रावर त्यांचा जीव होता.

गेल्या वर्षी एका परिषदेसाठी मी निबंध लिहायला घेतला. उच्च दाबाची डीसी वीज शेकडो मैल न्यायची, तर दोन्ही टोकांना एसी-डीसी बदल करायला याच जातीचा पाऱ्याचा व्हॉल्व्ह बरा की सिलिकॉनच्या चकत्यांचा नवा थायरिस्टर? तात्या पाऱ्याची बाजू घेऊन भांडणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी स्वतःच एकेक दोष सांगितला.

“लेकरागत सांभाळली म्हणून खोटं कशाला बोलू? थायरिस्टरच बरा. उलटा फिरत न्हाई, गरम हुईस्तवर थांबायला नको. फकस्त त्या चकत्या लय लावाव्या लागत्यात, आन् समद्या एकदम सुरू झाल्या पायजेत. एक मागं ऱ्हायली की समदा दाब तिच्यावर.”

मी मोठ्या कागदावर पेन्सिलीनं तक्ता केला. दोन रकाने, सात ओळी : जागा, देखभाल, बिघाड वगैरे. तात्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि खाली आठवी ओळ लिहिली. ‘मधल्या गावाला वीज?’ पुढं दोन्ही रकान्यांत ‘नाही’.

“तात्या, दोघांचं उत्तर एकच आहे. तुलनेत ही ओळ कशाला?”

“म्हणूनच की, सर. ह्याच्यावर कुणी भांडतच न्हाई.” मग म्हणाले, “आमच्या शिवारावरनं एसीची मोठी लाइन गेलीया. गावात दिवा न्हाई, पर आज ना उद्या मधी कुणी ट्रान्सफॉर्मर बसवील म्हणून मानसं वर बघत्यात. तुमची डीसी गेली तर ट्रान्सफॉर्मर चालायचा न्हाई, मधनं घ्यायला टोकाला हाय तेवढंच मोठं स्टेशन बांधायला लागंल. आमच्यासाठी कोण बांधतंय? छापाल न्हवं ही ओळ?”

“बघू,” मी म्हणालो.

टाइपिंगला देण्याआधी मी ती ओळ रबरानं पुसली. शास्त्रीय निबंधात गावाचं रडगाणं नको, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मला माझ्या नावाची काळजी होती. परिषदेत टाळ्या मिळाल्या. तात्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढं त्यांच्या छातीत दुखू लागलं, रजा घेऊन ते गावी गेले आणि तिकडेच संपले.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या गावी गेलो. घरामागं विजेचा मनोरा उभा होता. दिवेलागणीला तात्यांच्या पत्नीनं, काकींनी, कंदील पेटवून माझ्यासमोर ठेवला.

“आवं सर, त्यांची ती ओळ छापली का? आजारपणात लय येळा इचारत हुते.”

“छापली,” मी म्हणालो.

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. माझा डावा हात खिशात होता. कधी गेला कळलं नाही. तेव्हाही रडू आलं नाही. चहा प्यालो आणि एस. टी. गाठली.

परवा प्रयोगशाळेत तो मूळ तक्ता सापडला. रेक्टिफायर चालू होता. कागद तिरपा धरला, तर त्या निळ्या उजेडात पुसलेली ओळ वाचता आली. तात्यांनी पेन्सिल फार दाबून चालवली होती.

हा लेख छापून आला की अंक घेऊन मी काकींकडे जाणार आहे. त्यांना वाचता येत नाही. कंदिलाशी बसून मीच वाचून दाखवीन, आधी माझं खोटं आणि मग ही ओळ :

मधल्या गावाला वीज? पारा : नाही. थायरिस्टर : नाही.