लीमाच्या दोन ओळी

"ये अम्मा तो एक ही चीज दो बार बोल रही है, भिया. एक उडा दो."

माझ्या मागे उभे राहून विशाल सर इंजिनिअरला सांगत होते. मी हेडफोन लावून बसले होते, पण ऑडिओ पॉज केला होता. सगळं ऐकू आलं.

राऊजवळच्या आमच्या ऑफिसात परदेशी क्लायंटसाठी शब्दांच्या याद्या साफ करतात. तेव्हा ऑस्ट्रोनेशियन भाषांचं काम चालू होतं. तैवानपासून मादागास्कर आणि हवाईपर्यंत पसरलेलं हे एक भाषाकुटुंब. त्यात 'लीमा' पुन्हा पुन्हा भेटतो. मलयमध्ये लीमा म्हणजे पाच. हवाईच्या भाषेत पाचही आणि हातही. मूळ शब्द हाताचा, बोटं मोजता मोजता तोच पाच झाला असावा, असं अभ्यासक सांगतात. एका मुळातून आलेल्या अशा शब्दांना कॉग्नेट म्हणतात. म्हणजे भावंडं. चेहरा मिळतो, माणसं वेगळी.

अम्मा म्हणजे एका छोट्या बेटावरच्या आजी. त्यांच्या नातीने क्लायंटच्या अ‍ॅपवर त्यांचे शब्द रेकॉर्ड केले होते. नात विचारायची, आजी सांगायच्या. "हात?" "लीमा." थोड्या वेळाने, "पाच?" यावर आजी आधी हसल्या, आत्ताच तर सांगितलं ना, असं. मग म्हणाल्या, "लीमा."

माझं काम क्वालिटी चेक. क्लिप ऐकायची, ओळीशी जुळवायची, इतर आवाजांना टॅग लावायचा. कोंबडा आरवला की 'बॅकग्राउंड'. हसण्यासाठी टॅग नव्हता. मी 'नॉइज' लिहिलं.

विशाल सरांचा नियम सोपा होता. सारखे शब्द दिसले की एकच ठेवायचा. आधी एका यादीत, मग सगळ्या याद्यांत. मोठ्या भाषेत तोच शब्द असेल तर छोट्या भाषेतला जाणार. आजींच्या यादीत इतकं कमी उरलं की सिस्टिमने ती भाषाच डुप्लिकेट ठरवली.

हे चूक आहे, मला कळत होतं. आमच्या घरी मराठी बोलतात. नाक, कान, दात, हात. हिंदीतही जवळपास तेच. हा नियम आमच्या घराला लावला तर आई अर्धी उडेल.

मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "एनी कन्सर्न्स?" मी चॅटमध्ये टाइप केलं, कॉग्नेट म्हणजे डुप्लिकेट नव्हे. मग पुसून टाकलं. चेकलिस्टवर 'डुप्लिकेट, काढा' यापुढे टिक केली. न वापरलेला ऑडिओ पंधरा दिवसांनी डिलीट करायचा, असा करार होता. आजींचा ऑडिओ तसा डिलीट झाला.

दोन महिन्यांनी नातीचा मेल आला. आजी गेल्या होत्या. अ‍ॅपने तिच्या फोनमध्ये काही ठेवलं नव्हतं. आजीचा आवाज परत मिळेल का, एवढंच तिने विचारलं होतं. क्लायंटने कॉल ठरवला.

मी सर्व्हर बघितला, बॅकअप बघितला, स्वतःचं डाउनलोड फोल्डर तीनदा बघितलं. एक जुनी शीट सापडली. तिच्यात लीमाच्या दोन ओळी होत्या. दोन्हींवर लाल रेघ.

कॉलच्या आधी सर म्हणाले, "कृतिका, तुम चुप रहना. टेक्निकल इश्यू बोल देंगे."

"जी सर."

चूप राहणं मला चांगलं जमतं. चुकीची टिक करायला एक सेकंद लागतो. 'थांबा' म्हणायलाही तेवढाच लागला असता.

सरांनी टेक्निकल इश्यू सांगितला. नात रडली नाही, भांडली नाही. मग म्हणाली, "तुमच्याकडे कोणी ते ऐकलं तरी होतं का?"

सरांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी माइक चालू केला.

"हो, मी ऐकलं. तुम्ही 'पाच' विचारलंत, तेव्हा आजी आधी हसल्या आणि मग लीमा म्हणाल्या. त्या हसण्याला मी नॉइज लिहिलं. टेक्निकल इश्यू नव्हता. आम्ही डिलीट केलं, आणि टिक माझी होती."